चालू लिलावात ‘मलाच देऊन टाका’ म्हणणारा माणूस

ऑनलाइन लिलावाला वस्तू लावली की दोन-तीन दिवसांत बऱ्याचदा एक निरोप येऊन पडतो. ‘वस्तू आवडली. अमुक इतके देतो, लिलाव बंद करा आणि मलाच देऊन टाका.’ आकडा पडद्यावर दिसणाऱ्या बोलीपेक्षा चांगलाच मोठा असतो. विक्रेता हरखतो. घरात चर्चा होते, कोणीतरी म्हणतं, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?’ आणि लिलाव बंद होतो.

वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवहारात बऱ्याच गाठी आहेत. एक पैशाची, एक लिलाव चालवणाऱ्या संकेतस्थळाच्या नियमांची, एक कायद्याची. आणि एक अशी, जिच्याकडे विक्रेत्याचं सहसा लक्षच जात नाही: हा माणूस सरळ बोली का लावत नाही? मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गाठ हीच आहे. ती सुटली की बाकीच्या निम्म्या आपोआप सैल होतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कुडाळच्या एका काकूंकडे सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या खेळायच्या पत्त्यांचा, दशावतारी संच आहे. १९८० च्या सुमारास घेतलेला, गोल पानं, हाताने रंगवलेली, दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२० पानं, रंगीत पेटीसकट. मुंबईतल्या भाच्याने तो ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर लावून दिला. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, पण इथला विक्रेता परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर वस्तू लावू शकतो. (संच शंभर वर्षांहून जुना असता तर गोष्ट इथेच थांबली असती. पुरावशेष व कलाकृतींबाबतच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं ओलांडलेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. माळ्यावरचं पणजोबांच्या काळातलं काही विकायला काढण्याआधी हे तपासावं.)

लिलाव सात दिवसांचा. सुरुवातीची किंमत १,००० रुपये; प्रत्यक्षात हे डॉलरमध्ये असतं, पण हिशोब सोपा जावा म्हणून आपण रुपयेच धरू. चौथ्या दिवशी पडद्यावर ३,६०० दिसतात. त्याच संध्याकाळी निरोप येतो: ६,००० देतो, आजच बंद करा. काकू भाच्याला फोन लावतात, ‘अरे, हा तर जवळजवळ दुप्पट देतोय!’

दुप्पट कशाच्या? ३,६०० च्या. आणि ते ३,६०० म्हणजे संचाची किंमत नव्हेच.

ईबेसारख्या ठिकाणी बोली लावणारा माणूस आपली कमाल रक्कम एकदाच सांगून ठेवतो. ती कोणालाच दिसत नाही, विक्रेत्यालाही नाही. संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत जातो. समजा एकाने कमाल ९,००० सांगून ठेवले आहेत आणि दुसऱ्याने ३,५००. मग पडद्यावर दिसणार ३,५०० आणि वर एक पायरी, म्हणजे ३,६००. पहिल्याचे उरलेले ५,४०० पडद्यामागे झाकलेले राहतात. म्हणून चालू बोली ही ‘सगळ्यात उत्सुक माणूस किती देईल’ हे दाखवत नाही. ‘दुसऱ्या नंबरचा माणूस आतापर्यंत कुठवर आला’ एवढंच ती दाखवते.

लिलावाच्या या तऱ्हेचं गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडलं होतं, इंटरनेटचा पत्ताही नसताना. जिंकणाऱ्याने आपली नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर प्रत्येकाला आपली खरी कमाल रक्कम सांगणंच सोयीचं पडतं, असा त्याचा निष्कर्ष. १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि अवघ्या तीन दिवसांत तो वारला.

पण ‘खरी कमाल सांगणं सोयीचं’ म्हणजे ‘ती पहिल्याच दिवशी सांगणं सोयीचं’ असं नव्हे. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो. त्यामुळे अनुभवी गिऱ्हाईक शेवटच्या मिनिटापर्यंत गप्प बसतं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची, ईबेवर वाढत नसे. शेवटच्या क्षणी बोली लावण्याचं प्रमाण ईबेवर कितीतरी जास्त निघालं. त्यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: ईबेवर हा प्रकार संगणकांपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या लिलावात अधिक दिसला. कारण उघड आहे. जाणकाराने लवकर बोली लावली तर ‘अरे, वस्तू अस्सल दिसतेय’ हे बाकीच्यांना फुकटात कळतं. म्हणून तो शेवटपर्यंत दबा धरून बसतो.

गंजिफा नेमक्या याच जातीची वस्तू. म्हणजे चौथ्या दिवशी काकूंना जे दिसतंय त्यात खरे जाणकार बहुधा अजून उतरलेलेच नाहीत.

आता त्या निरोपाकडे वळू. निरोप पाठवणाऱ्याला संच हवा आहे, ६,००० द्यायची त्याची तयारी आहे. पडद्यावर ३,६०० आहेत. तो सरळ ६,००० ची कमाल टाकून मोकळा का होत नाही? इतर कोणी वर गेलं नाही तर संच त्याला ६,००० हून कमीत मिळेल की! तरीही तो लिलावाबाहेर जास्त पैसे द्यायला निघालाय. म्हणजे त्याला शेवटच्या रात्रीची भीती वाटते. लिलाव पूर्ण चालला तर संच ६,००० च्या वर जाईल, असा त्याचा अंदाज आहे. आणि हा अंदाज काकूंपेक्षा त्याचा बरोबर असण्याची शक्यता जास्त. तो असल्या वस्तू रोज बघतो, काकू पहिल्यांदाच विकताहेत.

काही वेळा तर निरोप पाठवणारा हा आघाडीवर असलेलाच माणूस असतो. ३,६०० ला वस्तू आत्ता त्याच्याच नावावर आहे आणि तो ६,००० देऊ करतोय! इतर गिऱ्हाइकांना बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली दिसतात, विक्रेत्याला मात्र ती दिसतात. म्हणून निरोप आला की आधी बोलींची यादी उघडून हे नाव त्यात आहे का ते पाहावं. असेल तर उत्तर तुमच्या हातात आलं.

असं असलं तरी ‘निरोपाला कधीच भुलू नका’ असा सल्ला मी देणार नाही. तो सोपा आहे, पण अर्धाच खरा आहे.

समजा संच खरंच ज्याच्या मनात भरलाय असा माणूस जगात एकच आहे, हाच निरोपवाला. दुसऱ्या कोणाची कमाल ४,००० च्या पुढे जात नाही. मग लिलाव पूर्ण चालवून काकूंच्या हाती येतील फक्त ४,१००. निरोपवाल्याची तयारी १०,००० ची असेना का, लिलावात त्याला भरावे लागणार दुसऱ्याच्या बोलीपुरतेच. अशा वेळी ६,००० घेणं शहाणपणाचं. उलट, त्याच्याखेरीज आणखी एक जण ७,००० पर्यंत जाणारा असेल, तर लिलाव त्या आकड्याच्या आसपास पोचेल आणि ६,००० घेऊन काकूंनी हजारभर रुपये सोडलेले असतील. असे दोघं-तिघं असतील तर आणखी जास्त.

म्हणजे सगळा प्रश्न एका वाक्यात मावतो: ६,००० च्या वर जाणारे निदान दोघं आहेत का? निरोपाने एकाची हजेरी लावून दिलेली आहे. शोधायचाय तो दुसरा. आणि तो शोधायला ज्योतिषी लागत नाही. याआधी विकलेले तसेच संच कितीला गेले ते संकेतस्थळावर पाहता येतं. लावलेल्या किमती नव्हेत, प्रत्यक्ष विक्रीच्या किमती पाहायच्या, कारण लावायला काय, कोणी लाखही लावेल. तुमच्या वस्तूवर किती जण नजर ठेवून आहेत तो आकडाही दिसतो. वीस-पंचवीस जण नजर ठेवून असतील आणि मागचे दोन संच सात-आठ हजारांना गेले असतील, तर निरोपाला नकार द्यायला फार धैर्य लागू नये. दोघंच नजर ठेवून आहेत आणि मागच्या वर्षभरात तसा एकही संच विकला गेलेला नाही, तर गोष्ट वेगळी.

जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांचा १९९६ चा एक निष्कर्ष इथे आठवावा असा आहे. ठरावीक गृहीतकं धरली, तर घासाघीस करण्याचं सगळं कसब पणाला लावून विक्रेत्याला जे मिळतं, त्याहून लिलावात एक गिऱ्हाईक वाढल्याने जास्त मिळतं. घासाघिशीत तरबेज असण्याचा आपल्याकडे केवढा अभिमान असतो! त्या अभिमानापेक्षा ‘अजून एक माणूस आण’ हे जास्त कामाचं ठरतं. मधेच लिलाव बंद करणारा विक्रेता नेमकं उलट करतो, यायचं असलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवतो.

कोकणातल्या मालाच्या विक्रीत या दोन्ही तऱ्हा पूर्वीपासून आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर किंवा हर्णैला मासळीचा लिलाव होतो तो उघड्यावर. टोपली समोर, घेणाऱ्या बायका भोवती, बोली सगळ्यांच्या कानावर. माल थांबत नाही, लिलावही थांबत नाही, काही क्षणांत निकाल. तिथे मधेच कोणी कानाशी लागून सुरमई उचलायला गेला, तर ‘काय गो, लिलाव अर्धो असताना कोणाक देतंस?’ म्हणून दहा तोंडं एकदम उघडतील. हापूस मात्र वाशीच्या बाजारात वर्षानुवर्षं वेगळ्या रीतीनेही विकला गेलाय. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, आणि तो दोघांनाच कळतो. त्याला हत्ता पद्धत म्हणतात. बागायतदारांची तिच्याविषयी तक्रार असते, पण निदान माल रुमालाखाली विकला जाणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. ऑनलाइन लिलाव मधेच थांबवण्यात गोम अशी की माल मांडला मासळीसारखा उघड्यावर आणि विकला रुमालाखाली. गर्दी दिसत नाही म्हणून कोणी ओरडत नाही, एवढाच फरक.

ही न दिसणारी गर्दी दुखावते, याची दखल संकेतस्थळांनी घेतली आहे. त्यामागे निव्वळ परोपकार नाही, त्यांची दलालीही बुडते. ईबेचे नियम ढोबळमानाने असे आहेत. वस्तू मोडली, हरवली, वर्णनात चूक झाली, विकायला उरली नाही, अशा कारणांनी लिलाव लवकर बंद करता येतो. संपायला बारा तासांहून जास्त वेळ असेल तर आलेल्या बोली रद्द करून बंद करता येतो, किंवा तेव्हा आघाडीवर असलेल्याला विकून. बारा तासांच्या आत आलं आणि बोली लागलेली असेल, तर बोली रद्द करून पळता येत नाही. बंद करायचाच तर आघाडीवाल्याला वस्तू द्यावी लागते. बोली असताना बंद केला तर विक्रीवरचं शुल्क लागू शकतं. आणि संकेतस्थळावर भेटलेल्या गिऱ्हाइकाशी बाहेर सौदा ठरवणं हे तर सरळ नियमभंगात धरलं जातं. खात्यावर निर्बंध येऊ शकतात. नियम देशानुसार आणि काळानुसार बदलतात, म्हणून बंद करण्याचं बटण दाबण्याआधी ते पान एकदा वाचावं.

काकूंनी ६,००० घेतले तर कारण काय लिहितील? ‘वस्तू आता उपलब्ध नाही’ असं. तांत्रिकदृष्ट्या खरं, हेतूने खोटं. हे कारण वाचलेलं गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक चित्र बदलतं. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावासाठी आहे. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा मारून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर केलं की विक्री पूर्ण होते. तोवर बोली लावणाऱ्याला बोली मागे घेता येते. बोली हा प्रस्ताव आणि हातोडा ही स्वीकृती, अशी ही मांडणी आहे. प्रस्ताव स्वीकारलाच गेला नसेल तर करार झाला नाही, म्हणून हातोड्याआधी माल मागे घेणाऱ्याला कोर्टात खेचणं सोपं नाही. त्याच कलमात एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली आहे: विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली किंवा लावायला लावली, तर घेणाऱ्याला तो व्यवहार रद्द करता येतो. ‘मला बाहेरून आठ हजारांचा निरोप आलाय, तुम्ही वाढवता का?’ असं बोली लावणाऱ्यांना खोटंच सांगत सुटणारे विक्रेते या खोट्या बोलीचेच मावसभाऊ.

जर्मनीत मात्र विक्रेत्याला हे चांगलंच महाग पडू शकतं. तिथे ईबेवर वस्तू लावणं हाच बंधनकारक प्रस्ताव मानला जातो आणि बोली लागली की तिला स्वीकृतीचं वजन येतं. एका माणसाने आपली वापरलेली फोक्सवॅगन पसाट गाडी १ युरो सुरुवातीच्या किमतीने लावली. एकाने १ युरोची बोली लावली, कमाल ५५५.५५ युरो सांगून. काही तासांतच विक्रेत्याने लिलाव बंद केला आणि कळवलं की बाहेर ४,२०० युरो देणारा मिळाला आहे. बोलीवाला कोर्टात गेला. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीची किंमत ५,२५० युरो, बोली १ युरोची, म्हणून भरपाई ५,२४९ युरो! एवढ्या स्वस्तात गाडी मागणं अनैतिक आहे, हा विक्रेत्याचा बचाव चालला नाही. कमी किमतीपासून सुरुवात करण्याचा धोका त्याने स्वतःहून पत्करला होता आणि लिलाव अकारण थांबवून तो स्वतःच खरा केला, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याच न्यायालयाने २०११ मध्ये, लिलाव चालू असताना कॅमेरा चोरीला गेलेल्या विक्रेत्याला मात्र मोकळं सोडलं होतं. म्हणजे नाइलाज आणि लोभ यांत तिथलं कोर्ट फरक करतं. काकूंच्या भाच्याने संच जर्मन संकेतस्थळावर लावला असता, तर ही गोष्ट त्यांनी झोपण्याआधी वाचायला हवी होती.

आपल्याकडे लिलाव मधे नाही, पण संपल्यावर मोडण्याचा एक मोठा खटला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला, सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स. कर्ज थकल्यामुळे बँकेने तारण मालमत्तेचा ऑनलाइन लिलाव केला. १०५ कोटींच्या थोड्या वरची बोली जिंकली. त्यानंतर मूळ कर्जदार १२९ कोटी घेऊन आला आणि बँक त्याला मालमत्ता सोडवून द्यायला तयार झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मुभाही दिली. बँकेच्या बाजूने पाहिलं तर २४ कोटी जास्त येत होते, यात वाईट काय? सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कर्जवसुलीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा मालमत्ता सोडवण्याचा हक्क उरत नाही, आणि पार पडलेले लिलाव असे मोडले जाऊ लागले तर लिलावाला यायचं कोणी, असा त्या निकालाचा रोख. हा कायदा बँकांच्या वसुलीचा आहे, काकूंच्या गंजिफांना तो लागू नाही. पण युक्तिवाद ओळखीचा आहे. एका व्यवहारात जास्त मिळालेले पैसे पुढच्या लिलावांतली गर्दी पातळ करतात.

पैसा आणि कायदा बाजूला ठेवला तरी संकेतस्थळाबाहेरच्या सौद्यात आणखी एक उघड धोका आहे. वाद झाला तर मधे कोणी नाही. खोट्या पावतीचा फोटो, ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’, पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाकायला लावणं, हे सगळे प्रकार अशाच ‘लिलाव सोडा, थेट बोलू’ या वाक्याने सुरू होतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली शुल्क, कर, कमिशन उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखाला घेणारा दुरून येणार नाही, हे कोकणातल्या घराघरात एकदा सांगायला हवं.

मग काकूंनी काय उत्तर द्यावं? निरोपाचा राग न येऊ देता, संकेतस्थळाच्याच निरोपपेटीतून: ‘संच आवडल्याबद्दल आभार. लिलाव रविवारी रात्री ठरल्या वेळी संपेल. आपण जरूर बोली लावा.’ बस. माणूस खरा असेल तर तो येतो. नाही आला तर तो संच स्वस्तात उचलून पुढे विकणारा असू शकतो. त्याला सहा हजारांत घेऊन बारा हजारांत विकायचा असेल तर त्यात गुन्हा काही नाही, पण त्याचा नफा आपण का भरायचा?

खरी काळजी घ्यायची ती लिलाव लावण्याआधी. अमुक किमतीखाली द्यायचंच नाही असं मनात असेल, तर सुरुवातच त्या किमतीला करावी किंवा राखीव किंमत ठेवावी. १ रुपयापासून सुरू करून तिसऱ्या दिवशी पोटात गोळा येणारे विक्रेतेच निरोपाला सगळ्यात लवकर बळी पडतात. घासाघीसच करायची असेल तर लिलाव लावूच नये. ठरावीक किंमत लावून ‘प्रस्ताव स्वीकारले जातील’ अशी सोय निवडावी. लिलावात ‘लगेच घ्या’ची किंमतही लावता येते. ज्याला थांबायचं नाही तो ती भरून मोकळा होतो, सगळ्यांसमक्ष. राखीव किंमत नसेल तर पहिली बोली लागताच ती सोय सहसा नाहीशी होते.

हीच गोष्ट घेणाऱ्याच्या कामाची आहे. एखाद्या वस्तूवर जीव जडलाय आणि विक्रेता मधेच ती विकून टाकेल अशी धास्ती असेल, तर लवकर एक छोटी बोली लावून ठेवावी. त्याने ‘लगेच घ्या’चं बटण जातं, विक्रेत्याला निमूटपणे बंद करणं जड होतं, आणि आपली खरी कमाल शेवटच्या रात्रीसाठी राखता येते. तरीही लिलाव बंद झालाच, तर ईबेकडे तक्रार नोंदवता येते. वस्तू पुन्हा लावली जाते का यावर काही दिवस नजरही ठेवावी; बाहेरचे सौदे फिसकटतात आणि तोच संच त्याच फोटोंसह परत येतो.

व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरच्या नाण्या-तिकिटांच्या गटांत लिलाव चालतात तिथे संगणक नाही, घड्याळही गट चालवणाऱ्याच्या हातातलं. तिथला नियम म्हणजे पहिल्या संदेशात जे लिहिलं ते. म्हणून विक्रेत्याने त्यातच चार ओळी टाकाव्यात: बोली किती वाजता बंद होणार, शेवटच्या मिनिटाला बोली आली तर वेळ वाढणार का, पाठवणीचा खर्च कोणाचा, आणि खासगी निरोपावर वस्तू मधेच दिली जाणार की नाही. दिली जाणार असेल तर तसं लिहिलेलंही चालतं. ज्यांना ते पटणार नाही ते बोली लावणार नाहीत.